आई बारा वर्षांची, मुलगी छत्तीस

पुस्तकातल्या गणितांत जी माणसं राहतात, त्यांच्यावर छटाबाईचा भारी राग.

"एकही मेला धड बोलत नाही," ती म्हणायची. "वय विचारलं तर वय सांग ना! 'पाच वर्षांपूर्वी मी माझ्या मुलाच्या चौपट होतो.' डॉक्टरसमोर असं बोलून बघ, आधी डोकं तपासतील तुझं."

"वहिनी, उदाहरण वाच."

"वाचतेच आहे. हा दुसरा बघ. वरून नळ सोडलाय, खालची तोटी उघडी, आणि विचारतोय टाकी कधी भरेल. अरे गाढवा, उठ आणि तोटी बंद कर! आमच्या दुकानात असता तर त्याच दिवशी हाकलला असता."

"वहिनी."

"बरं बाई, वाचते."

सकाळची वेळ, स्वयंपाकघरातलं टेबल, त्यावरचं कडा कुरतडलेलं मेणकापड. एका बाजूला छटाबाई, दुसऱ्या बाजूला मास्तर, मध्ये चहाचे दोन कप आणि पुस्तक. चाळिशी मागे टाकून बरीच पुढे आलेल्या बाईने असं शाळकरी पोरीसारखं बसावं, याचं हसू कुणाला येत असेल तर त्याने खुशाल हसावं. या घरात कुणी हसत नव्हतं.

छटाबाई रंग कालवायची. दोन वळणं पलीकडे नवरा-बायकोचं दुकान होतं. तयार डबे विकणारी दुकानं पैशाला पासरी. इथे हवा तो रंग बनवून मिळायचा. कुणी जुन्या खिडकीचा टवका आणावा, कुणी पडद्याचा तुकडा. एका बाईने तर मेलेल्या मांजराच्या गळ्यातला पट्टा आणला होता, कपाट त्याच रंगाचं हवं म्हणून. छटाबाई ती वस्तू उजेडात धरायची, एक डोळा मिटायची आणि पळीने मोजून रंग घालत सुटायची. वाळल्यावर जुन्या-नव्याची सांध शोधून सापडायची नाही. त्यावरून गिऱ्हाइकांनी तिला छटाबाई नाव दिलं. खरं नाव आता फक्त नवऱ्याला ठाऊक, आणि तोही 'अगं' म्हणूनच हाक मारतो.

मास्तर म्हणजे त्या नवऱ्याची धाकटी बहीण. लहानपणी घरातल्या उशा ओळीने बसवून त्यांच्याकडून पाढे म्हणवून घ्यायची, म्हणून घराने तिला मास्तर म्हणायला सुरुवात केली. पुढे ती खरोखरच मोठ्या वर्गांना गणित शिकवायला लागली, तेव्हा कुणाला नवी हाक शोधावी लागली नाही. लग्न केलं नाही. कारण विचारलं तर म्हणायची, "उशा बऱ्या होत्या. उलट उत्तर देत नव्हत्या." छटाबाई लग्न होऊन या घरात आली तेव्हा मास्तर गुडघे फोडून घेणारी पोर होती. तिच्या वेण्या छटाबाईने घातल्या, तिच्या तापात उशाशी बसली, नोकरीच्या पहिल्या दिवशी ती उंबरठ्याशी अडून बसली तेव्हा तिला दाराबाहेर ढकलली तीही छटाबाईनेच. त्यामुळे दोघींच्या नात्यात नणंद-भावजयीचं जे काही टोचणं असतं ते होतं, पण खाली सगळं मऊ.

आता पाळी उलटली होती. शहराच्या टोकाला एक कामशाळा होती. सुतारकाम, गवंडीकाम, रंगकाम शिकवणारी. तिथल्या मुख्याध्यापकाने छटाबाईचं काम पाहिलं होतं आणि रंग कालवायला शिकवण्यासाठी त्याला तीच हवी होती. पण नेमणुकीला शालान्त परीक्षा पास असणं भाग. छटाबाईने बाकीचे सगळे विषय एका दमात काढले. भाषा, इतिहास, विज्ञान, सगळं. गणितात दोनदा आपटली. मुख्याध्यापक भला माणूस, म्हणाला, "या निकालापर्यंत जागा अडवून ठेवतो. पुढे माझ्या हातात नाही."

तिला ती जागा हवी होती. का, हे तिने फक्त मास्तरला सांगितलं होतं. शाळेत असताना गणिताच्या गुरुजींनी तिला सगळ्या वर्गादेखत उठवलं होतं. "ही डोकं घरी ठेवून येते," म्हणाले होते. वर्ग खो खो हसला होता. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत गेली नाही आणि बोलवायला कुणी आलंही नाही. एका माणसाला जिभेला लगाम घालता आला नाही, म्हणून एक पोर आयुष्यभर फळ्यापासून लांब राहिली. असल्या माणसांना पुढे निवृत्तीच्या दिवशी हार घालतात. छटाबाईला एकदा, फक्त एकदा, फळ्याच्या त्या बाजूला उभं राहायचं होतं.

"हं. हे सोडव," मास्तरने बोट ठेवलं.

आईचे वय मुलीच्या वयाच्या तिप्पट आहे. दोघींच्या वयांची बेरीज अठ्ठेचाळीस. समीकरणे मांडा व सोडवा.

छटाबाईने पेन्सिल ओली केली आणि लिहिलं:

३आ = मु
आ + मु = ४८

मग खालची आकडेमोड तिने झरझर केली. त्यात तिला कुणी हरवणार नव्हतं. आ = १२. मु = ३६.

मास्तरने कपाळावर हात ठेवला. "वहिनी, आई बारा वर्षांची?"

"आलंय खरं तसं."

"आणि मुलगी छत्तीस! मुलगी आईपेक्षा चोवीस वर्षांनी मोठी?"

"असतात काही मुली तशा. तू नव्हतीस का?"

मास्तरला हसू फुटलं, पण तिने ते दाबलं. "तोंडी सांग बघू. लिहू नकोस."

"आई छत्तीस, मुलगी बारा. तीन वाटे आईचे, एक मुलीचा, चार वाटे झाले. त्यात काय सांगायचं!"

"मग लिहिताना काय होतं तुला?"

"लिहिताना ते गणित होतं ना," छटाबाई म्हणाली.

तिला खरंच तसं वाटायचं. गणित म्हणजे अशी जागा की जिथे काहीही होऊ शकतं, आई बारा वर्षांचीसुद्धा. शाळेने तिला एवढंच शिकवलं होतं.

"मग उत्तर उलटं करून लिहिते. आई छत्तीस."

"उत्तर नाही गं उलटं करायचं! समीकरण चुकलंय. गुण समीकरणाला आहेत."

"उत्तर येतंय तर समीकरण हवंय कशाला?"

"थांब. आता हेच घे, पण आईचं वय मुलीच्या तिपटीपेक्षा चारने जास्त. बेरीज बावन्न. पाड वाटे."

छटाबाईने डोळे मिटले. ओठ हलले. तीन वाटे, एक वाटा, आणि वर चार… बावन्नचे चार भाग, तेरा, मग ते चार कुणाला द्यायचे, काढायचे कुठून? बराच वेळ ती त्या चाराला घेऊन मनातल्या मनात घरभर हिंडली आणि शेवटी डोळे उघडले.

"हे चार लबाड आहेत."

"म्हणून समीकरण हवं," मास्तर म्हणाली. "वाटे एवढ्यापर्यंतच येतात तुझ्यासोबत. पुढे ते परत फिरतात."

हे छटाबाईला पटलं. पटूनही हात ऐकेना. ज्या उदाहरणात दोन गोष्टींची तुलना असेल, तिथे ती ठरवून केल्यासारखं उलटं लिहायची. मुली मुलांच्या दुप्पट: २मुली = मुलगे. कुत्री मांजरांच्या पाचपट: ५कु = मां. मास्तर समजावून सांगायची, छटाबाई मान हलवायची, मास्तर पान उलटायची, छटाबाई पुन्हा तेच. लाल फुल्या वाढत गेल्या.

परीक्षा दोन आठवड्यांवर आली आणि एका सकाळी मास्तरचा तोल गेला. शाळेत आदल्या दिवशी मोठ्या बाईंनी तिलाच काहीतरी सुनावलं होतं, रात्री झोप झाली नव्हती, आणि समोर पुन्हा पानभर उलटं.

"वहिनी, तू मुद्दाम करतेस का? की डोकं दुकानातच ठेवून येतेस?"

बोलल्याबरोबर तिला कळलं. पण शब्द टेबलावर पडला होता.

छटाबाईने पुस्तक मिटलं. पेन्सिल त्याच्यावर ठेवली. दोन्ही कप उचलून मोरीत ठेवले, मास्तरचा अर्धा भरलेला होता तरी. "मला नाही बसायचं परीक्षेला," ती शांतपणे म्हणाली. "तुझाही वेळ वाचेल."

त्यानंतर घरात जे सुरू झालं त्याचे हाल भोगले नवऱ्याने. जेवायला तिघं एकाच टेबलाशी, पण बोलणं सगळं त्याच्यामार्फत.

"दादा, वहिनीला विचार मीठ कुठे आहे."

"अहो, तिला सांगा, तिच्या नाकासमोर आहे."

"दादा, वहिनीला सांग, दिसलं."

"मी घास गिळू का मधेमधे?" तो म्हणाला.

तिसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. छटाबाई दुपारी एका जुन्या इमारतीच्या जिन्याचा कठडा बघायला गेली. त्याचा रंग जुळवायचा होता. ती परत आली तर दुकानात नवरा नव्हताच. गल्ल्यामागच्या स्टुलावर मास्तर बसली होती. बाह्या कोपरापर्यंत वर, मनगटावर निळं, गालावर पिवळं, आणि चेहऱ्यावर परीक्षेत पहिली आलेल्या मुलीचं हसू.

"दादा जेवायला गेलाय. मला बसवून गेला," ती म्हणाली. मधे कुणी निरोप्या नव्हता, म्हणून सरळ बोलावं लागलं. "एक गिऱ्हाईक आलं होतं. मी सांभाळलं."

"तू?"

"सलूनवाला. दाराला लावायला मागच्यासारखाच हिरवा हवा होता. तुझं झाकण काढलं, बघून कालवला, दिला डबा."

दुकानात भिंतीभर खिळे होते आणि प्रत्येक खिळ्याला एकेक जुनं झाकण. प्रत्येक झाकणावर एका गिऱ्हाइकाचा रंग लिहिलेला. ही पद्धत सासऱ्यांची. नुसता लिहायचा, रंगाचा ठिपका लावायचा नाही, कारण वाळलेला ठिपका खोटं बोलतो, असं ते म्हणत. छटाबाईने दुकान हातात घेतल्यापासून तसंच चालवलं होतं.

तिने नणंदेकडे नीट पाहिलं. ही बाई खडूची धूळ लागली तरी हात तीनदा धुणारी, दुकानात कधी डब्याला न शिवलेली. आज रंगात कोपरापर्यंत बुडली होती. का बुडली होती, हे न कळण्याइतकी छटाबाई दगड नव्हती.

"टर्पेंटाइन आण इकडे," ती म्हणाली. "असं साबणाने नाही जायचं ते." आणि चिंधी भिजवून तिने मास्तरचा हात स्वतःच्या हातात घेतला. एकेक बोट पुसायला लागली.

"वहिनी, मी परवा…"

"गप. दुसरा हात."

हे एवढ्यावर गोड झालं असतं. पण संध्याकाळी सलूनवाला आला, डबा पोटाशी धरून, कपाळावर रंगाचा फराटा ओढलेला.

"छटाबाई, मी मागितला होता पोपटी हिरवा," तो म्हणाला. "तुम्ही दिलात तलावाचा तळ. अर्धं दार रंगवून झाल्यावर लांब उभा राहून बघितलं. गिऱ्हाइकं म्हणतात, आत केस कापतात की बुडवतात?"

छटाबाईने डब्यात डोकावलं. खोल, काळसर, निळ्याकडे झुकलेला हिरवा. रंग वाईट नव्हता. पण सलूनच्या दाराला तो म्हणजे शोकच.

"किती घातलंस?" तिने मास्तरला विचारलं.

"झाकणावर होतं तेवढंच. एक पळी पिवळा, तीन पळ्या निळा."

"तीन पिवळा, एक निळा लिहिलंय."

"नाही लिहिलेलं. चल दाखव."

छटाबाईने झाकण खिळ्यावरून काढून तिच्यासमोर धरलं. सलून दार. ३पि = नि.

"हे काय," मास्तर म्हणाली. "पि-ला तीनने गुणायचं, की नि येतो. पिवळा एक असेल तर निळा तीन. निळा पिवळ्याच्या तिप्पट. वहिनी, अगदी सरळ आहे, यात चुकायला जागाच…"

आणि ती थांबली. तोंड उघडंच राहिलं.

"काय झालं?" सलूनवाल्याने विचारलं.

मास्तरने झाकण दोन्ही हातांत घेतलं. मग हळूच विचारलं, "वहिनी, पि म्हणजे काय गं?"

"पिवळा."

"पिवळा म्हणजे?"

"पिवळा म्हणजे पिवळा! हा काय, डबा दिसत नाही?"

"आणि या दोन आडव्या रेघा?"

"तीन पळ्या पिवळ्याला एक पळी निळा. ह्याला हे. एवढंच. मामंजी असंच लिहायचे."

मास्तर शेजारच्या पालथ्या डब्यावर मटकन बसली. "तुझा पि म्हणजे डबा आहे," ती म्हणाली. "माझा पि म्हणजे डबा नाहीच. माझा पि म्हणजे आकडा. पिवळ्याच्या पळ्या किती, तो आकडा. आई म्हणजे आई नाही वहिनी, आईच्या वयाची वर्षं. मुली म्हणजे मुली नाहीत, मुलींची संख्या. तू मला झाकणं लिहून देत होतीस. इतके दिवस. तीन वाटे आईला एक वाटा मुलगी. झाकण म्हणून ते चोख होतं, आणि मी त्याला समीकरण समजून फुल्या मारत बसले."

छटाबाई झाकणाकडे बघत राहिली. या अक्षरांकडे तिने इतकी वर्षं पाहिलं होतं, आणि त्यांच्या आत आकडा बसू शकतो हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"मी एकदाही विचारलं नाही," मास्तर म्हणाली. झाकणावर एक थेंब पडला. "हे तू वाचतेस कसं, एवढंच विचारायचं होतं."

तिने नाही विचारलं, परीक्षकांनी नाही विचारलं, त्या गुरुजींचं तर नावच नको. फुली मारायला मनगट पुरतं. विचारायला समोर बसून उत्तर येईपर्यंत थांबावं लागतं, आणि तेवढा वेळ शहाण्या माणसांकडे नसतो. निदान ही बाई ते बोलून तरी दाखवत होती.

"आता रडू नकोस," छटाबाई म्हणाली. "तेलाच्या रंगात पाणी चालत नाही."

"बायांनो," सलूनवाला कळवळून म्हणाला, "माझं दार अर्धं आहे हो."

मास्तरने नाक पुसलं. डोळ्यांत एकदम वर्गातली चमक आली. तिने जमिनीवरचा खडू उचलला. "वहिनी, डब्यात किती उरलंय?"

"दोन पळ्या."

"म्हणजे पिवळा अर्धी पळी, निळा दीड. रंग फेकायचा नाही. पिवळा अजून किती घालायचा, ते आपल्याला ठाऊक नाही. त्याला क्ष म्हण. क्ष म्हणजे काय?"

"पिवळा," छटाबाई म्हणाली.

मास्तर या वेळी थांबली. नुसती बघत राहिली.

"थांब," छटाबाई म्हणाली. "पिवळा नाही. किती पळ्या. क्ष म्हणजे किती पळ्या."

"हां! मग एकूण पिवळ्या पळ्या किती होतील?"

"अर्धी, आणि क्ष."

"आणि त्या किती व्हायला हव्यात?"

"निळ्याच्या तिप्पट. दीडच्या तिप्पट. साडेचार." तिने मास्तरच्या हातातला खडू घेतला आणि फरशीवर, रंगांच्या जुन्या डागांमध्ये लिहिलं: ½ + क्ष = ३ × १½. मग साडेचारांतून अर्धी वजा केली. "चार," ती म्हणाली. "चार पळ्या."

"घाल."

"नुसतं फरशीवर लिहिलंय म्हणून घालू?"

"घाल गं!"

तिने एक पळी घातली, ढवळलं. तळ किंचित वर आला. दुसरी घातली. तिसऱ्या पळीला शेवाळ उतरून गवत दिसायला लागलं. चौथी घालून तिने काठी फिरवली, उचलली, उजेडात धरली, एक डोळा मिटला.

"हाच!" सलूनवाला ओरडला. "हाच माझा!"

छटाबाईने काठीकडे पाहिलं, मग फरशीकडे, मग पुन्हा काठीकडे. "अगं बाई," ती म्हणाली. "आधीच कळतं की हे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मेणकापडावर पुन्हा दोन कप आले.

कळलं म्हणून हात सुधारतो असं नाही. इतक्या वर्षांच्या झाकणांनी बोटांना वळण लावलं होतं. पेन्सिल कागदाला टेकली की आपोआप तीनचा आकडा आईच्या दारात जाऊन बसायचा. मास्तरने वस्तूंची अक्षरं बंद केली. आ नाही, मु नाही, पि नाही. "ज्याचं तोंड ओळखीचं नाही असंच अक्षर घ्यायचं. क्ष घे. क्ष कुणाचा नातेवाईक नाही." आणि पहिली ओळ नेहमी शब्दांत: मुलीच्या वयाची वर्षं क्ष मानू. 'वर्षं' लिहिल्याशिवाय पुढे जायचं नाही. छटाबाई भाजी चिरतानाही पुटपुटायला लागली, "कांद्यांची संख्या क्ष." नवरा घाबरून म्हणाला, "आमची संख्या काय धरलीय?" "एकच आहात, तेवढे पुरे," ती म्हणाली.

दहापैकी सहा बरोबर यायला लागली, मग आठ. कधी पुन्हा पाच. परीक्षेच्या सकाळी मास्तरने तिला दारापर्यंत पोचवलं आणि एकदम दाराबाहेर ढकललं. दोघींनाही मास्तरच्या नोकरीचा पहिला दिवस आठवला.

परीक्षेच्या खोलीत सगळ्या पोरीसोरी. शेजारच्या बाकावरची मुलगी अंगठ्याचं नख खात होती. छटाबाईने भूमितीतलं जमेल तेवढं ओरबाडलं, टक्केवारी केली, आणि सगळ्यात जास्त गुणांच्या प्रश्नापाशी आली.

एका सभागृहात खुर्च्यांची संख्या बाकांच्या संख्येच्या चौपटीपेक्षा सहाने जास्त आहे. खुर्च्या व बाके मिळून एक्याऐंशी आहेत.

घाई झाली, आणि घाई झाली की हात जुना होतो. तिने लिहून टाकलं: ४ख + ६ = ब. सोडवलं. आकडे गुळगुळीत आले, कुठे अपूर्णांक नाही, काही नाही. खुर्च्या पंधरा, बाकं सहासष्ट. मिळून एक्याऐंशी. छान. तिने खाली रेघ ओढायला पट्टी घेतली.

पट्टी हातात तशीच राहिली. इथे बारा वर्षांची आई नव्हती, जी बघून कुणी हसेल. सहासष्ट बाकं आणि पंधरा खुर्च्या, असं सभागृह कुठेही असू शकतं. चूक अंगात सदरा घालून, भांग पाडून बसली होती. तिने स्वतःला विचारलं, ख म्हणजे काय? खुर्ची. लाकडाची, चार पायांची खुर्ची तिला समोर दिसत होती. म्हणजे झाकणच लिहिलंय मी.

पर्यवेक्षक बाई म्हणाल्या, "शेवटची दहा मिनिटं."

छटाबाईने सगळ्यावर आडवी रेघ मारली. खाली स्वच्छ अक्षरांत लिहिलं: बाकांची संख्या क्ष मानू. मग खुर्च्यांची संख्या ४क्ष + ६. मग क्ष + ४क्ष + ६ = ८१. ओळी सरळ उतरल्या. पाच क्ष पंच्याहत्तर. बाकं पंधरा. खुर्च्या सहासष्ट. मग तिने पुस्तकातल्या कुणावरही विश्वास न ठेवता परत मोजून बघितलं. पंधरा चोक साठ, आणि सहा, सहासष्ट. घंटा झाली.

घरी ती एवढंच म्हणाली, "एक खोडून लिहिलंय." मास्तरने पुढे विचारलं नाही. निकालापर्यंत तिने स्वतःची नखं खाल्ली.

निकाल आधी शाळांच्या कचेरीत येतो, विभागवार गुणांसकट. त्या दुपारी छटाबाई एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकासाठी दिवाणखान्याचा फिका जांभळा कालवत होती, मोजून पळ्या घालत, आणि मास्तर रस्त्यावरून पळत येताना दिसली. शाळेतली बाई, भर रस्त्यात, एका पायातली चप्पल निसटलेली. दारात येऊन तिने चौकट धरली. धाप लागलेली, डोळ्यांतून धारा.

छटाबाईला वाटलं, तिसऱ्यांदा आपटले. पण समोरची पोर रडत होती, आणि ही सवय झाकणांपेक्षाही जुनी.

"असू दे गं," ती म्हणाली. "रडू नकोस. दुकान आहे ना माझं. तू कमी शिकवलं नाहीस, मीच…"

"पास झालीस, वेडे!" मास्तर ओरडली. "पास! त्रेपन्न!"

आतून नवरा बाहेर आला. "त्रेपन्न म्हणजे चांगले का?"

"चांगले? समीकरणांत एकही गुण गेला नाहीये! एकही!" मास्तरने बाहीने नाक पुसलं, आणि लगेच तिच्यातला मास्तर जागा झाला. "भूमितीत मात्र माती खाल्लीस. वर्तुळाचं सोपं प्रमेय होतं, ते सोडून आलीस ना?"

"वर्तुळ मला आवडत नाही," छटाबाई म्हणाली. आणि तिने नणंदेला जवळ ओढलं, रंगाच्या हातांनी, शाळेच्या पांढऱ्या कपड्यांसकट.

म्हातारं गिऱ्हाईक थोडा वेळ थांबलं. मग खाकरलं. "बाई, माझा जांभळा?"

छटाबाईने डब्याकडे पाहिलं. पळी हातातच होती. कितवी, ते काही केल्या आठवेना.

"उद्या या हो बाबा," ती म्हणाली. "आज मला मोजता येत नाहीये."